टायमिंग बेल्टचे दोष : लक्षणांपासून कारणांपर्यंत

सारांश

मोटारगाडीच्या अनेक इंजिनांत क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांच्या गतीचा मेळ एका दातेरी रबरी पट्ट्याने राखलेला असतो. हा पट्टा तुटला वा त्याचा एखादा दाता सरकला, तर इंजिन बंद पडते आणि बऱ्याच इंजिनांत झडपा वाकून मोठी हानी होते. व्यवहारात मात्र पट्टा तुटण्यालाच दोष मानून केवळ नवा पट्टा बसविला जातो व मूळ कारण तसेच राहते. प्रस्तुत लेखात पट्ट्याचे कार्य, त्याची झीज, बिघाडाची लक्षणे, जुन्या पट्ट्यावरून कारण ओळखण्याची पद्धत आणि पट्टा बदलताना घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : टायमिंग बेल्ट, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, टेन्शनर, झडपा, दोषनिदान.

१. प्रस्तावना

महाविद्यालयांच्या आवारात आज उभ्या असलेल्या मोटारींपैकी अनेक गाड्या त्यांच्या सध्याच्या मालकाने दुसऱ्या वा तिसऱ्या हाताने घेतलेल्या असतात. अशा गाडीबरोबर नोंदणीचे पुस्तक व विम्याचे कागद मिळतात. पण इंजिनातील टायमिंग बेल्ट शेवटी केव्हा बदलला याची नोंद सहसा मिळत नाही. गाडीचे तेल काळे पडते, टायर गुळगुळीत होतात, ब्रेक आवाज करू लागतात; हे सर्व मालकाला दिसते वा ऐकू येते. टायमिंग बेल्ट मात्र प्लास्टिकच्या आवरणाआड असतो. त्याची झीज बाहेरून दिसत नाही आणि तो बहुधा पूर्वसूचना न देता तुटतो.

या विषयाकडे दोन दृष्टींनी पाहणे आवश्यक आहे. पहिली दृष्टी आर्थिक आहे. वेळेवर बदललेल्या पट्ट्याचा खर्च आणि तुटलेल्या पट्ट्यामुळे इंजिनाचे हेड उतरवावे लागल्यावर होणारा खर्च यांत कित्येक पटींचे अंतर असते. जुन्या गाडीच्या बाबतीत हा दुसरा खर्च कधी कधी गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जातो. दुसरी दृष्टी तर्कशास्त्रीय म्हणता येईल. लक्षण, निकटचे कारण आणि मूळ कारण या तीन गोष्टी वेगळ्या न केल्यास दुरुस्ती करूनही तोच बिघाड पुन्हा उद्भवतो. टायमिंग बेल्ट हे याचे बोलके उदाहरण होय. यापुढील विवेचनात टायमिंग बेल्टचा उल्लेख सोयीसाठी नुसता ‘पट्टा’ असा केला आहे.

२. पट्ट्याचे कार्य

चार धावांच्या इंजिनात शोषण, संपीडन, ज्वलन व उत्सर्जन या चार क्रिया दट्ट्याच्या चार धावांत, म्हणजेच क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होतात. या दोन फेऱ्यांत शोषण झडप एकदा व उत्सर्जन झडप एकदा उघडावयाची असते. म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो आणि त्यावरील दंतचक्राला क्रँकवरील दंतचक्राच्या दुप्पट दाते असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा व कॅमशाफ्ट २५ वेळा फिरतो. याचा अर्थ प्रत्येक झडप एका सेकंदात २५ वेळा उघडते आणि मिटते. एवढ्या वेगात दट्ट्या व झडप यांचा मेळ अचूक ठेवण्याची जबाबदारी पट्ट्यावर असते.

पद्मिनी व अ‍ॅम्बॅसडर या एके काळी आपल्या रस्त्यांवर सर्वत्र दिसणाऱ्या गाड्यांच्या इंजिनांत कॅमशाफ्ट खालच्या बाजूस, सिलिंडर ब्लॉकमध्येच बसविलेला असे. क्रँक व कॅम यांतील अंतर थोडे असल्याने तेथे आखूड साखळी पुरत असे. पुढे कॅमशाफ्ट इंजिनाच्या माथ्यावर नेण्यात आला. अंतर वाढले, साखळी लांब व आवाजी झाली आणि तिला तेलाची गरज होतीच. पश्चिम जर्मनीतील ग्लास कंपनीने १९६२ च्या सुमारास आपल्या १००४ या मोटारीत दातेरी रबरी पट्टा वापरला. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेल्या मोटारीतील असा हा पहिला पट्टा मानला जातो. हलका, शांत, स्वस्त व तेलाविना चालणारा असल्याने तो पुढे जगभर रूढ झाला. भारतात १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून तो सर्वसामान्य मोटारमालकाच्या वाट्याला आला. १९९८ मध्ये आलेली ह्युंदाई सँट्रो, त्याच वर्षाच्या अखेरीस सादर झालेली व पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका डिझेल, तसेच २०१२ मध्ये भारतात आलेली रेनॉ डस्टर डिझेल या गाड्यांतही पट्टाच होता. यांपैकी कित्येक गाड्या आजही जुन्या बाजारात हात बदलत आहेत.

३. पट्ट्याची रचना व झीज

पट्टा वरून साधा रबरी दिसत असला तरी त्यात तीन घटक एकत्र काम करतात. आतील काचतंतूंच्या दोऱ्या ताण सहन करतात व पट्ट्याची लांबी कायम राखतात. त्याभोवतीचे कृत्रिम रबर दात्यांना आकार देते. दात्यांच्या पृष्ठभागावरील नायलॉनचे कापड घर्षण सोसते. पूर्वी यासाठी क्लोरोप्रीन जातीचे रबर वापरीत. अलीकडे उष्णता व तेल यांना अधिक तोंड देणारे, हायड्रोजनयुक्त केलेले नायट्राइल रबर वापरतात. तथापि ‘अधिक तोंड देणारे’ याचा अर्थ अभेद्य असा नाही.

पट्ट्यावर पडणाऱ्या कामाचा अंदाज साध्या गणिताने येतो. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने व इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांनी चालत आहे असे मानू. तेव्हा एका किलोमीटरला एक मिनिट, म्हणजे २००० फेरे लागतात. या हिशेबाने १ लाख किलोमीटर अंतरात क्रँकशाफ्ट २० कोटी वेळा फिरतो आणि पट्टा तितका काळ चक्रांभोवती वाकत व सरळ होत राहतो. शिवाय गाडी उभी राहून इंजिन चालू असताना किलोमीटर वाढत नाहीत, पट्ट्याचे काम मात्र चालूच असते. मिनिटाला ८०० फेऱ्यांनी तासभर चालू ठेवलेले इंजिन ४८,००० फेरे घेते. वरील गणितानुसार हे २४ किलोमीटर धावण्याइतके होते. मुंबई-पुण्याच्या वाहतूककोंडीत अडकणाऱ्या किंवा वातानुकूलन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यावर यामुळे पूर्ण विसंबता येत नाही.

याउलट वर्षाला जेमतेम तीन-चार हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीतही पट्टा म्हातारा होतो. उष्णता, हवेतील ओझोन व काळ यांमुळे रबर कडक होते, दात्यांच्या मुळाशी सूक्ष्म भेगा पडतात. म्हणूनच उत्पादक पट्ट्याची मुदत किलोमीटर व वर्षे अशा दोन्ही परिमाणांत देतात आणि ‘यांपैकी जे आधी होईल ते’ असे नमूद करतात. अनेक इंजिनांसाठी ही मुदत साधारणतः ६० हजार ते १ लाख किलोमीटर किंवा चार ते सहा वर्षे अशी आढळते. परंतु प्रत्येक इंजिनाचा नेमका आकडा त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा.

४. बिघाडाची लक्षणे व त्यांचा अर्थ

अ) चालती गाडी अचानक बंद पडणे : धावत्या गाडीचे इंजिन एकाएकी बंद पडले आणि नंतर सेल्फ मारताच इंजिन नेहमीपेक्षा हलके, एकसुरी ‘घुर्र’ आवाजात भरभर फिरले, तर पट्टा तुटल्याची दाट शक्यता असते. निरोगी इंजिन फिरवताना प्रत्येक सिलिंडरमधील हवा दाबली जाते, त्यामुळे आवाजात चढउतार ऐकू येतो. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, काही झडपा उघड्याच राहतात, हवा दाबली जात नाही व तो चढउतार नाहीसा होतो. इंधन किंवा विद्युत यंत्रणेच्या दोषाने बंद पडलेल्या इंजिनात हा चढउतार कायम असतो. कोणतेही उपकरण न वापरता करता येणारा हा सर्वांत उपयुक्त भेद होय.

या लक्षणानंतर सेल्फ पुनःपुन्हा मारू नये. तसेच आपल्याकडे सर्रास केला जाणारा ‘धक्का स्टार्ट’चा प्रयोगही करू नये आणि गाडी गिअरमध्ये ठेवून ओढू नये. क्रँकच्या प्रत्येक जादा फेरीबरोबर दट्ट्या उघड्या झडपांवर आदळण्याचा धोका असतो. पट्ट्याचे वरचे आवरण सोडवून डोळ्यांनी पाहणे हीच पुढील योग्य पायरी होय.

इंजिन बंद पडल्यावर द्रवदाबावर चालणारे स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात एक-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरताच उरतो. म्हणून घाटात वा महामार्गावर असे घडल्यास ब्रेक वारंवार न सोडता एकाच वेळी दाबून धरावा, गाडी कडेला घ्यावी आणि ती थांबेपर्यंत चावी काढू नये. अन्यथा स्टिअरिंग कुलूपबंद होते.

आ) इंजिन चालते, पण बिघडलेले : गाडी उचलत नाही, अ‍ॅव्हरेज घटते, आयडलिंग डळमळते, इंजिन मिसिंग मारते किंवा हवा घेण्याच्या मार्गातून ठिणगीसारखा फट्ट आवाज येतो, अशा वेळी पट्ट्याचा दाता सरकल्याचा संशय घ्यावा. गॅरेजच्या भाषेत यास ‘टायमिंग आउट होणे’ म्हणतात. क्रँकवरील चक्राला २० दाते असतील, तर एका दात्याचा फरक क्रँकच्या १८ अंशांइतका होतो. एवढ्याने इंजिन बहुधा चालू राहते, परंतु झडपा चुकीच्या वेळी उघडतात. ज्या डिझेल इंजिनात हाच पट्टा इंधन पंपही फिरवतो, तेथे इंधन फवारण्याची वेळही चुकू शकते व सुरू होण्यास त्रास, धूर आणि ठोकण्याचा आवाज अशी लक्षणे दिसतात.

मात्र हीच लक्षणे खराब स्पार्क प्लग, चोंदलेला इंधन गाळणा, हवेची गळती यांमुळेही उद्भवतात. संगणकीय नियंत्रण असलेल्या गाडीत ‘पी ००१६’ हा दोषसंकेत आढळल्यास क्रँक व कॅम यांच्या संवेदकांचे संदेश परस्परांशी जुळत नाहीत, एवढेच निश्चित होते. दाता सरकणे, संवेदकाचा दोष, तारेचा दोष किंवा झडपांची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेतील तेलाचा अडथळा यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. म्हणून पट्टा उतरविण्यापूर्वी चक्रांवरील खुणा जुळतात की नाही हे पाहावे. खुणा तंतोतंत जुळत असतील, तर शोध अन्यत्र घ्यावा.

इ) आवाज : सकाळी गाडी सुरू करताना येणाऱ्या कर्कश ‘चीं’ आवाजावरून पट्ट्याला दोष देण्याची प्रथा आहे. बहुतांश वेळा हा आवाज अल्टरनेटर किंवा वातानुकूलन यंत्र फिरविणाऱ्या बाहेरील पट्ट्याचा असतो. त्यास अद्यापही ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. हात व कपडे दूर ठेवून त्या बाहेरील पट्ट्यावर थोडे पाणी शिंपडल्यास आवाज क्षणभर थांबतो वा बदलतो, त्यावरून ओळख पटते. दातेरी पट्टा घसरत नसल्याने तो सहसा असा ओरडत नाही. त्याचे आवाज निराळे असतात. पट्टा अति ताणलेला असल्यास इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी गुणगुण ऐकू येते. तो सैल असल्यास आवरणावर आपटल्याचा फटफटाट होतो. टेन्शनर किंवा आयडलर यांचे बेअरिंग गेल्यास घरघर येते. कडा उसवलेल्या पट्ट्याची सुटलेली दोरी आवरणाला लागून टिकटिक होऊ शकते. पण टिकटिक झडपांच्या यंत्रणेतील ढिलाईमुळे किंवा तेल कमी झाल्यानेही होते. म्हणून प्रथम तेलाची पातळी पाहावी.

ई) गळती : इंजिनाच्या पट्ट्याकडील बाजूस, आवरणाच्या खालच्या कडेला तेल वा कूलंट झिरपताना दिसणे हे सर्वाधिक दुर्लक्षिले जाणारे लक्षण आहे. ‘थोडे तेल येतेच’ असे म्हणून ते सोडून दिले जाते. वस्तुतः पट्टा तुटण्यापूर्वी बाहेरून दिसू शकणाऱ्या मोजक्या सूचनांपैकी ती एक असते.

५. जुन्या पट्ट्याचे वाचन

पट्टा तुटला हे निदान मानून थांबल्यास चौकशी अर्ध्यावर राहते. उतरवलेला पट्टा फेकून न देता स्वच्छ जागी ठेवून तपासावा. त्यावरील खुणा मूळ कारणाकडे बोट दाखवितात.

१) पाठीवर व दात्यांच्या मुळाशी आडव्या भेगा, रबर कडक व चकचकीत : वय व उष्णता. मुदत उलटून गेल्याचा हा पुरावा होय.

२) रबर मऊ, फुगलेले, तेलकट : क्रँक वा कॅमच्या टोकाचे ऑइल सील किंवा झडपांच्या झाकणाचे गॅसकेट गळत आहे. ते न बदलता नवा पट्टा बसविल्यास त्याचीही तीच गत होते.

३) एकच कड झिजलेली वा उसवलेली : चक्रे एका रेषेत नाहीत. टेन्शनरच्या बेअरिंगमधील खेळ, वाकडा बसलेला आयडलर किंवा वॉटर पंपाच्या दांड्यातील ढिलाई शोधावी.

४) सलग काही दाते मुळापासून तुटलेले, उर्वरित ठीक : पट्ट्याने फिरणारा एखादा भाग अडकला. वॉटर पंप, कॅमशाफ्ट वा इंधन पंप हाताने फिरवून पाहावेत.

५) दोन दात्यांमधील खोलगट भाग घासलेला : ताण अधिक होता. दात्यांच्या बाजू झिजलेल्या असल्यास उलट ताण कमी असल्याची शक्यता अधिक.

६) सरळ रेषेत, कापल्यासारखी तुटलेली कड : बसविण्यापूर्वी किंवा बसविताना पट्टा दुमडला गेला व आतील काचतंतू मोडले. काच ताण सोसते, घडी सोसत नाही.

७) फाटलेली, अनियमित कड, दात्यांत रुतलेला खडा किंवा रबराला पडलेली भोके : परका पदार्थ आत शिरला. आवरणाचा खालचा भाग ‘पुढच्या वेळी बसवू’ म्हणून काढून ठेवलेल्या गाड्यांत, विशेषतः खडी व चिखलाच्या रस्त्यांवर, हे घडते. क्वचित तुटलेल्या फॅन बेल्टचा तुकडाही क्रँकच्या चक्रामागून आत ओढला जातो.

८) पाठ आरशासारखी घासलेली : पाठीवर टेकणारा आयडलर फिरत नव्हता, पट्टा त्यावरून घासत होता.

या सूचीतील आठपैकी केवळ पहिला प्रकार निव्वळ पट्टा बदलल्याने मिटतो. उर्वरित सात प्रकारांत पट्टा हा बळी असतो. पट्टा नवा घातला आणि वर्षभरात पुन्हा तुटला, तर ‘पट्टा बनावट निघाला’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी मागच्या वेळी मूळ कारण शोधले होते काय, हा प्रश्न विचारणे यास्तव आवश्यक ठरते. बनावट सुटे भाग बाजारात असतात हे खरे. परंतु त्या सबबीआड गळके सील व गेलेले बेअरिंगही लपून राहतात.

६. पट्टा तुटल्यावर इंजिनाचे काय होते

इंजिनांचे या दृष्टीने दोन वर्ग पडतात. एका वर्गात दट्ट्या सर्वांत वर व झडप पूर्ण उघडी असली तरी त्यांच्यामध्ये मोकळी जागा उरते. अशा इंजिनात पट्टा तुटल्यास गाडी रस्त्यात थांबते. पण नवा पट्टा बसवून टायमिंग जुळविल्यावर इंजिन पूर्ववत चालते. दुसऱ्या वर्गात दट्ट्या व झडप एकाच जागेचा वेगवेगळ्या क्षणी उपयोग करतात. मेळ तुटला की ते एकमेकांवर आदळतात, झडपा वाकतात, त्यांच्या मार्गिका फुटतात आणि कधी दट्ट्याच्या माथ्याला खड्डा पडतो.

डिझेल इंजिने जवळजवळ सर्व या दुसऱ्या वर्गात मोडतात. याचे कारण त्यांच्या तत्त्वातच आहे. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण ९ ते ११ पट दाबले जाते, तर डिझेल इंजिनात हवा १६ ते २२ पट दाबून तिच्या उष्णतेनेच इंधन पेटवावयाचे असते. एवढ्या संपीडनासाठी दट्ट्याच्या वर जागा फारच थोडी ठेवावी लागते आणि उघड्या झडपेला तेथे वाव राहत नाही. म्हणून डिझेल गाडीच्या मालकाने पट्ट्याची मुदत लांबविणे अधिक धोक्याचे असते. पेट्रोल इंजिने दोन्ही वर्गांत आढळतात. आपले इंजिन कोणत्या वर्गातील आहे हे गाडी घेतानाच विचारून ठेवावे.

पट्टा तुटल्यावर लगेच हेड उतरविण्याची घाई आवश्यक नसते. आधी चक्रांच्या खुणा जुळवून पट्टा चढवावा, क्रँकशाफ्ट पान्याने हळूहळू हाताने फिरवावा व अडखळल्यास तेथेच थांबावे. तो मोकळा फिरल्यास प्रत्येक सिलिंडरचा संपीडन-दाब मोजावा. सर्व सिलिंडरांत दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत व परस्परांशी जुळणारा असल्यास झडपा बचावल्या असे समजता येते. एखाद्या सिलिंडरमध्ये दाब अत्यल्प असल्यास हेड उतरविणे क्रमप्राप्त होते. या एका मोजणीमुळे अनावश्यक खर्चही टळतो आणि वाकलेल्या झडपांसह गाडी मालकाच्या ताब्यात जाणेही टळते.

७. पट्टा बदलताना घ्यावयाची दक्षता

हे काम प्रशिक्षित हातांचे आहे. तथापि ते कसे व्हावे हे मालकास ठाऊक असल्यास योग्य प्रश्न विचारता येतात.

पहिली गोष्ट म्हणजे काम थंड इंजिनावर व बॅटरीची तार सोडून करावे. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या संपीडनाच्या अखेरीस सर्वांत वर आणावा आणि क्रँक, कॅम व असल्यास इंधन पंप यांवरील सर्व खुणा जुळवाव्यात. दट्ट्या दोन फेऱ्यांत दोनदा वर येत असल्याने केवळ क्रँकची खूण पुरेशी नसते. काही इंजिनांत खुणांऐवजी शाफ्ट जागीच धरून ठेवणाऱ्या खिळ्या वापराव्या लागतात. अशा ठिकाणी पांढऱ्या रंगाचे ठिपके देऊन ‘अंदाजाने’ काम करणे धोक्याचे आहे.

दुसरी गोष्ट, पट्ट्याबरोबर टेन्शनर व आयडलर बदलावेत आणि वॉटर पंप याच पट्ट्याने फिरत असेल तर तोही बदलावा. यांची बेअरिंगे पट्ट्याइतकीच फिरलेली असतात आणि त्यांपैकी एकही अडकले तर नवा पट्टा निरुपयोगी ठरतो. शिवाय मजुरीचा मोठा भाग आवरणे व माउंटिंग सोडविण्यात जातो. तीच मजुरी पुन्हा देण्यात शहाणपण नाही.

तिसरी गोष्ट, पट्टा दुमडू नये, उलटा करू नये, पेट्रोलने पुसू नये व चक्रावर चढविण्यासाठी पेचकसाने रेटू नये. त्यावर दिशेचा बाण असल्यास तो पाळावा. ताण तपासण्यासाठी सर्वांत लांब भाग बोटांनी पिळून साधारण पाव फेरा वळतो का हे पाहण्याची जुनी रीत आहे. स्वयंचलित टेन्शनर असलेल्या इंजिनात ती लावू नये. तेथे टेन्शनरवरील दर्शक नेमून दिलेल्या खाचेवर आणावा व बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पट्टा चढवून झाल्यावर सेल्फ मारण्यापूर्वी क्रँकशाफ्ट हाताने, नेहमीच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवावा व खुणा पुन्हा पाहाव्यात. दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो आणि चारही धावा तपासल्या जातात. टायमिंग चुकले असल्यास हाताला अडथळा जाणवतो व काहीही न मोडता चूक सुधारता येते. हाताच्या दोन फेऱ्यांना काही मिनिटे लागतात. सेल्फला झडप वाकवण्यास एक सेकंदही लागत नाही.

८. नोंद नसलेली गाडी

जुन्या बाजारातून घेतलेल्या गाडीचा पट्टा केव्हा बदलला याचा लेखी पुरावा नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून चालणे शहाणपणाचे होय. विक्रेत्याचे ‘आत्ताच बदलला’ हे तोंडी आश्वासन पुरावा ठरत नाही. किलोमीटरचा आकडाही विश्वसनीय असेलच असे नाही. वरचे आवरण काढून पट्ट्याची पाठ पाहता येते. भेगा दिसल्यास तो निश्चित बदलावा. मात्र भेगा न दिसणे ही हमी नव्हे, कारण नव्या जातीच्या रबराच्या पट्ट्यांत आतील दोऱ्या थकल्या तरी पृष्ठभाग चांगला दिसू शकतो.

पट्टा बदलल्यावर दिनांक, किलोमीटर व बदललेल्या भागांची नावे लिहिलेली चिठ्ठी इंजिनाच्या आवरणावर चिकटवावी आणि बिल गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. पुढचा मालक कोणीही असो, त्याला ही नोंद उपयोगी पडते.

९. साखळी व तेलात बुडालेला पट्टा

पट्ट्याची ही जोखीम पाहून अनेक उत्पादक पुन्हा साखळीकडे वळले. स्विफ्ट, पुंतो व इंडिका व्हिस्टा यांत वापरलेले १.३ लिटरचे डिझेल इंजिन साखळीचे होते. मारुतीच्या के-मालिकेतील पेट्रोल इंजिनांतही साखळी आहे. साखळी तुलनेने दीर्घायुषी असते, परंतु तिचे आयुष्य तेलावर अवलंबून असते. तेलबदल लांबविल्यास साखळी सैल पडते व थंड इंजिन सुरू करताना खळखळ ऐकू येते.

तिसरा प्रकार तेलात चालणाऱ्या पट्ट्याचा. २०१३ मध्ये भारतात आलेल्या फोर्ड इकोस्पोर्टच्या १ लिटर इकोबूस्ट इंजिनात तो होता. या पट्ट्याचे रबर खास तेलासाठी बनविलेले असते. तेल अयोग्य दर्जाचे वा फार जुने झालेले असल्यास रबर झिजून त्याचे कण तेल शोषून घेणाऱ्या जाळीत अडकतात आणि तेलाचा दाब घटतो. म्हणजे येथे पट्टा न तुटताही इंजिनास धोका संभवतो. अशा गाडीत तेलदाबाचा दिवा लागल्यास पंपाबरोबरच पट्ट्याचाही विचार करावा लागतो.

१०. समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पट्ट्याची मुदत किलोमीटर व वर्षे या दोन्हींनी मोजावी. सेल्फ मारताना संपीडनाचा चढउतार ऐकू येतो की नाही, या एका निरीक्षणाने पट्ट्याचा दोष व इंधन-विद्युत दोष यांत प्राथमिक भेद करता येतो. तो झाल्यावर गाडी ढकलण्याचा मोह टाळावा. उतरवलेला पट्टा हा पुरावा आहे. तो न वाचता नवा पट्टा चढविणे म्हणजे ताप उतरवून रोग तसाच ठेवणे होय. आणि नव्या पट्ट्यानंतर हाताचे दोन फेरे अनिवार्य समजावेत.

गॅरेजमधील कारागिराला यांतील बहुतेक गोष्टी अनुभवाने ठाऊक असतात. पण ‘फक्त बेल्ट टाका, बाकी नंतर पाहू’ असा आग्रह बहुधा ग्राहकाचाच असतो. सील, बेअरिंग व वॉटर पंप यांचा खर्च कारागीर सुचवितो, तेव्हा तो का सुचवीत आहे हे समजण्याइतके ज्ञान ग्राहकापाशी असल्यास दोघांमधील अविश्वास कमी होईल. गाडी गॅरेजमध्ये दिल्यावर जुना पट्टा व उतरवलेले भाग परत मागून पाहावेत. ते हातात घेऊन कारागिराशी केलेली पाच मिनिटांची चर्चा पुढील दुरुस्ती टाळण्यास पुष्कळ उपयोगी पडते.